आतलं डावं, वरचं उजवं

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी चिरुटाच्या कारखान्यात. जन्मभर कोट शिवले, पण तयार कपड्यांनी माझं दुकान गिळलं, म्हणून मशीनवर चादर टाकून मशीनसकट ताईकडे राहायला आलो. ताईकडे बसून दोन गोष्टी झाल्या. माझं वजन वाढलं आणि ताईची नजर बदलली. परवा तिने मला भाजी निवडायला बसवलं, काल पडदे झटकायला लावले. अजून थोडे दिवस गेले असते तर घडी करून फडताळातच ठेवलं असतं.

कारखाना भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. एक लांबोडकी खोली, दोन रांगांत बाक, आणि तंबाखूच्या ओल्या पानांचा वास. भाऊजींनी साफ सांगितलं, "मास्तर, मिशीवाले साहेब माल बघायला येतील तोवर तुमचा हात बसला, तर बाकावरची जागा तुमची. नाही बसला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. तुमच्या ताईला काय सांगायचं ते मग तुम्हीच सांगा." मिशीवाले साहेब म्हणजे मोठं गिऱ्हाईक. जवळजवळ सगळा माल तेच उचलतात.

मी म्हटलं, कापड काय आणि पान काय, कापता आलं म्हणजे झालं.

मला शिकवायला एका बाईला नेमलंय. तिला मी चिमटाबाई म्हणणार आहे, अर्थात फक्त इथे. दुसऱ्याने वळलेला प्रत्येक चिरूट ती चिमटीत धरून दाबून बघते, आणि बोलतेही तशीच. चिरूट म्हणजे तिच्या मते तीन गोष्टी. पोटात भरण, म्हणजे पानांची जुडी. जुडीवर आतलं पान, ते तिला बांधून धरतं. हे साच्यात दाबून ठेवायचं, आणि मग सगळ्यांत शेवटी वरचं पान. ते तलम असतं. न फाडता ताणून तिरकं गुंडाळत न्यायचं आणि डोक्याला खळीचं बोट लावून पानाच्याच तुकड्याची टोपी बसवायची.

"म्हणजे अस्तर आणि कापड," मी म्हटलं.

"नाही. आतलं पान आणि वरचं पान," ती म्हणाली.

समजावून सांगायला गेलो, पण तिने हातात झाडू दिला. खाली फार चुरा पडला होता म्हणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मूळ मुद्द्यावर आलो, आणि मुद्दा मी जिंकला.

पान मधल्या शिरेवरून चिरलं की त्याची दोन अर्धी होतात, डावं आणि उजवं. दोघांच्या बारीक शिरा उलटसुलट तिरक्या असतात, म्हणून डावं अर्धं एका अंगाने गुंडाळायचं आणि उजवं दुसऱ्या अंगाने. तर चिमटाबाईचा नियम असा की आतलं पान डावं घेतलं असेल तर वरचं उजवं घ्यायचं. एक इकडून गुंडाळायचं, दुसरं तिकडून.

मी मनात हसलो. कुठल्याही शिंप्याला विचारा. अस्तराचा उभा धागा आणि कापडाचा उभा धागा एकाच दिशेने गेला नाही तर कोट पिळवटतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. ही माणसं इतकी वर्षं चिरूट वळतात आणि कुणाच्या लक्षात येऊ नये? मी मान डोलावली आणि आतलंही डावं घेतलं, वरचंही डावं घेतलं. चिरूट देखणा झाला. तिने तो दाबला, कानाशी नेऊन फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, वरचं उजवं घ्यायचं." मी म्हटलं, "बघू या की." तिने चिरूट ट्रेमध्ये ठेवला आणि आपल्या बाकाकडे गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

थोडी बोलाचाली झाली. खळ वाळेपर्यंत पानाचं टोक सुटू नये म्हणून मी टाचणी लावतो. दुपारी सगळ्या काढल्या, पण एक सापडेना. चिमटाबाईने अख्खा ट्रे चाचपून ती काढली आणि सगळ्यांसमोर धरली.

"मास्तर, हा ओढायचाय. भिंतीला लावायचा नाही."

बाकीचे वळणारे पोट धरून हसले. तिने माझ्या मनगटावरची टाचण्यांची उशी उतरवून आपल्या खणात टाकली. गळ्यातल्या मापाच्या टेपला हात लावला, मग म्हणाली, "ही असू द्या. शोभते." टोमणाच तो. मी संध्याकाळपर्यंत चिरूट जरा जोरातच वळले.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक गंमत. चिरुटाची टोपी मी कॉलरसारखी बसवतो, एक बारीक चुणी देऊन. ती माझी खूण. सकाळी पाहतो तर एकाही टोपीला चुणी नाही, सगळ्या गुळगुळीत. भाऊजींना विचारलं. ते खोकले आणि म्हणाले, "हवा."

हवेने चुणी जाते हे मला नवीन होतं. हे आधी कळलं असतं तर इस्त्री घेतलीच नसती.

चिमटाबाई हल्ली सगळे गेल्यावरही मागे राहते. काल छत्री विसरलो म्हणून परत गेलो, तर माझा ट्रे स्वतःच्या बाकावर ओढून बसलेली. मला बघून दचकली. आपली पद्धत चुकली हे कळल्यावर माणूस दुसऱ्याची नक्कल करतं, त्यात लाज कसली? मी मोठ्या मनाने म्हटलं, "चालू द्या, चालू द्या."

११ नोव्हेंबर, मंगळवार

चिमटाबाई नको असलेली पानं माझ्याकडे सरकवते असं माझं ठाम मत होतं. रोज सकाळी पानांची थप्पी वाटताना तिची बोटं चाळवाचाळव करतात, ते मी बघतो. आज खात्री करावी म्हणून माझं एकेक पान खिडकीच्या उजेडात धरलं. एकाला भोक नाही, एकाला डाग नाही. रेशमी खणासारखी. तिच्या वाट्याची पाहिली, तर जाड शिरांची आणि काठाला फाटकी. म्हणजे बाईला पानांची पारखच नाही.

जेवताना हे ताईला सांगितलं. ताई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग भाऊजींना म्हणाली, "हा लहानपणापासून असाच आहे." बऱ्याच दिवसांनी तिने माझं कौतुक केलं.

चिमटाबाईचा कोट मात्र बघवत नाही. कोपरं विरलीत, अस्तर बाहीतून डोकावतं. ती तो खुंटीला अडकवते, नेमका माझ्या डोळ्यांसमोर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वळणाऱ्याला माझी पद्धत समजावून सांगितली. आतलं डावं, वरचंही डावं, आणि एकही चिरूट आजवर सुटलेला नाही. म्हातारा म्हणाला, "मास्तर, ते सुटत नाहीत कारण..." एवढ्यात चिमटाबाईने त्याच्याकडे असे डोळे वटारले की त्याने मान खाली घातली आणि खोकायला लागला. या कारखान्यात खोकला फार आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चिमटाबाईला सर्दी झाली. एका शिंकेसरशी अख्खी थप्पी उडाली, तेव्हा भाऊजींनी तिला घरी पाठवलं. जाताना ती माझ्या बाकापाशी थांबली, नाकाला रुमाल लावून.

"मास्तर, एक ऐकाल? मी येईपर्यंत वरचं पान बसवू नका. नुसती जुडी आतल्या पानाने बांधून साच्यात ठेवा. बाकीचं मी आल्यावर बघू."

मी म्हटलं, "तुम्ही बिनघोर झोपा."

ती दारापर्यंत गेली आणि तिने परत वळून बघितलं. इतका जळफळाट बरा नव्हे. ताप चढतो अशाने.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भराभर वळले. कुणी चिमटा काढायला नाही, कुणी खण उघडून बघायला नाही. ट्रे भरला. आणि आज सकाळी बघतो तर चुण्या जिथल्या तिथे. हवा बदलली असावी.

काही चिरूट ट्रेमध्ये कुशीवर वळल्यासारखे वाटले. मी सरळ करून ठेवले. दुपारी परत वळले होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू? लिहितोच.

मिशीवाले साहेब पुढच्या आठवड्यात यायचे ते आज आले. भाऊजींनी चहा मागवला. साहेबांच्या मिशा खरोखर बघण्यासारख्या आहेत, दोन्ही टोकं वर, मेण लावलेली. ते बाकांमधून फिरले आणि नेमके माझ्या ट्रेपाशी थांबले. चुणी बघून म्हणाले, "हे काहीतरी नवीन दिसतंय." मी टेप सारखी केली आणि ताठ उभा राहिलो. मागून म्हाताऱ्याने हळूच "अरे देवा" म्हटलं.

साहेबांनी चिरूट कानाशी फिरवला, डोकं कापलं, पेटवला. पहिला झुरका बरा गेला. दुसऱ्या झुरक्याला चिरूट त्यांच्या तोंडात आपणहून हळूच वळला. मग वरचं पान सुटलं, त्याच्यामागे त्याच वाटेने आतलं पान सुटलं, आणि दोन्ही साहेबांच्या मिशीत लोंबायला लागली. भरण चहात पडलं. पानांना विस्तव होताच, तो मिशीच्या डाव्या टोकाला लागला. भाऊजींचं प्रसंगावधान मात्र दांडगं. त्यांनी कप उचलला आणि राहिलेला चहा भरणासकट साहेबांच्या तोंडावर फेकला.

कुणी हसलं नाही, यावरून काय ते समजावं.

साहेबांनी तोंड पुसलं. उजवी मिशी वर होती, डावी गालावर चिकटली होती. ते म्हणाले, "मी शनिवारपर्यंत गावात आहे. शनिवारी याच माणसाने वळलेला चिरूट मला द्या. पेटीतला कुठला याचा आणि कुठला दुसऱ्याचा, हे मला बाहेरून कसं कळणार? तो सुटला तर यापुढे मी माल दुसरीकडून घेईन."

ते गेल्यावर भाऊजींनी रिकामा कप बशीत पालथा घातला. मग म्हणाले, "मास्तर, शनिवारी सुटला तर तुम्ही एकटे नाही. आपण सगळेच भाजी निवडायला बसू."

तोवर ट्रेमधले बाकीचे चिरूटही एकेक करून उलगडायला लागले होते. मी त्यांच्यावर फडकं टाकलं. रात्री जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उठून चिमटाबाईच्या घरी गेलो. तिने दार अर्धंच उघडलं. नाक लालबुंद, पायाशी मांजर. सगळी हकीकत सांगितली. मिशी पेटली इथपर्यंत आलो तेव्हा तिने रुमाल तोंडात कोंबला.

"हसताय तुम्ही?"

"नाही हो. ताप आहे मला." मग म्हणाली, "तरी सांगून गेले होते मी."

"पण मग आजवर कसे टिकले?" मी विचारलं. "दोन आठवडे मी असेच वळतोय. एक सुटला नाही. तुम्ही आजारी पडलात आणि सुटायला लागले. हवेतच काहीतरी झालंय."

तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग तिला शिंक आली की तिने आणली कोण जाणे, पण दार लागलं. दाराआडून आवाज आला, "आतलं डावं, तर वरचं उजवं. आजच्या दिवस माझं ऐका, मास्तर. उद्या मी येते."

घरी येऊन बटण लावत बसलो. राग आला की मी बटण लावतो, ताईच्या घरातलं एकही बटण सैल नाही ते त्यामुळेच. दोऱ्याचं टोक सुईत जाईना, विस्कटलं होतं. ते चिमटीत धरून पीळ सोडवायला लागलो आणि हात थांबला. दोऱ्याचे पदर एका अंगाला पिळलेले असतात, आणि ते पदर एकमेकांवर पिळलेले असतात उलट्या अंगाला. आतला पीळ सुटायला बघतो तेव्हा बाहेरचा आवळतो. एकाने पळावं तर दुसरा धरून ठेवतो. दोन्ही एकाच बाजूला पिळले असते तर रीळ हातात घेताच कापूस झाला असता.

जन्मभर हा दोरा तोंडात ओला करून ओवला आणि एकदाही त्याला विचारलं नाही, बाबा रे, तू सुटत का नाहीस? अस्तर कोटात नुसतं सोडलेलं असतं. पान गुंडाळलेलं असतं, ते सुटायला बघणारच. ती बाई पहिल्या दिवसापासून घसा फोडून हेच सांगत होती. मला लाज वाटली.

तसाच कारखान्यात गेलो. आतलं डावं, वरचं उजवं. हात ऐकेनात. उजवं अर्धं घ्यायचं, त्याचं टोक चिरुटाच्या पायाशी, शिरांची बाजू आत आणि गुळगुळीत बाजू वर ठेवायची, मग डाव्या हाताने ताणत, उजव्याने फिरवत डोक्याकडे न्यायचं. माझा हात दर वेळी सवयीच्या बाजूला पळायचा. किती पानं फाडली ते भाऊजींनी बघितलं नाही, कारण ते मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेवटी एक जमला. मग दुसरा. चुणी दिली नाही. आज चुणी द्यायची हिंमत नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चिमटाबाई आली, गळ्याला मफलर बांधून. मी ट्रे पुढे केला. तिने एक दाबला, दुसरा दाबला, कानाशी फिरवला, मग डोकं धरून दोन्ही अंगांनी पिळून पाहिला. काही सुटलं नाही. ती म्हणाली, "टोपीला चुणी नाही ती?"

"नको म्हटलं आज."

"एकाला द्या," ती म्हणाली. "ओळखू यायला हवा ना तुमचा."

साहेब आले. दोन्ही मिशा छाटून लहान केलेल्या. भाऊजींनी बाकाखाली पाण्याची बादली भरून ठेवली होती आणि स्वतः बादलीजवळ उभे होते. साहेबांनी चुणीचाच उचलला, हात लांब करून पेटवला आणि मान मागे ठेवून ओढायला लागले. ओढत राहिले. राख वाढली, पडली. चिरूट अर्धा झाला. सगळी खोली हातातलं काम सोडून बघत होती. मी टेप इतकी ओढून धरली होती की मलाच गळफास बसला.

चिरूट बोटाला चटका बसेपर्यंत संपला तेव्हा साहेबांनी थोटूक विझवलं. "ठीक आहे," म्हणाले. "पेट्या पाठवा. आणि ती टोपी तशीच राहू द्या."

भाऊजींनी आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि बादली लाथाडली. जागा माझी झाली. चिमटाबाईकडे पाहिलं, तर ती मफलरने डोळे पुसत होती. सर्दी पुरती गेलेली दिसत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज संध्याकाळी चिमटाबाईने माझा ट्रे दाबून बघितला, जागेवर ठेवला, कोट चढवला आणि सगळ्यांबरोबर वेळेवर घरी गेली. कालही तसंच. मागे थांबत नाही आता.

चांगलंच आहे की. तरी मला उगाच चुकल्यासारखं वाटलं. ट्रे काही वेळ तसाच तिच्या बाकावर ठेवून बघितला, मग आपल्या बाकावर आणला.

चुण्या हल्ली सकाळपर्यंत टिकतात. थंडी पडली ना.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. चिमटाबाईला कोट शिवून द्यायचा. शिकवल्याबद्दल, दुसरं काही नाही. मापं घ्यायची गरज नाही, समोर बसून बसून डोळ्यात भरली आहेत. हे ताईपुढे बोलून गेलो, तर ताई पदरात तोंड लपवून आत गेली आणि आतून भाऊजींचाही हसण्याचा आवाज आला. या घरात कशावरही हसतात.

मशीनवरची चादर काढली. तेल दिलं. आणि कापायला बसल्यावर मला कल्पना सुचली. इतके दिवस जे शिकलो ते वाया का घालवा? कापडाचा धागा एका दिशेने, अस्तराचा उलट्या दिशेने. असा कोट अजून कुणी शिवला नसेल. एकाने सुटावं तर दुसऱ्याने आवळावं. जन्मभर टिकेल.

६ डिसेंबर, शनिवार

कोट दिला. तिने पुडकं उघडलं आणि कापडावरून हात फिरवला. मग लगेच अंगात घातला आणि काम करतानाही काढला नाही. खळ लागेल म्हणून बाह्या मात्र दुमडून घेतल्या. फिटिंग उत्तम. मी दिवसभर चुकीची पानं उचलत होतो.

८ डिसेंबर, सोमवार

कोट पिळवटला.

मी शिंपी आहे, मला लांबूनच दिसलं. ती फाटकातून येत होती आणि कोट तिच्याभोवती वळत चालला होता. डावी बाही पुढे, उजवी मागे, बटणांची रांग कमरेला वळसा घालून काखेकडे निघालेली. म्हाताऱ्याने बघितलं आणि बाकाखाली काहीतरी शोधायला वाकला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. असा कोट माझ्या हातून दुकानाच्या पहिल्या दिवशीही गेला नव्हता.

"द्या इकडे," मी म्हटलं. "उसवून सरळ करून देतो. उद्या मिळेल."

"हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अहो, चुकलाय तो. मी अस्तर उलटं..."

"मला कळलं तुम्ही काय केलंत ते." ती बाकावर बसली, तिरकीच. "मास्तर, तुमचा एकेक चिरूट मी रोज संध्याकाळी उसवून परत वळत होते. आता उसवाउसवी पुरे झाली."

कारखान्यात कुणी खोकलं नाही. सगळ्यांच्या माना खाली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींना, म्हाताऱ्याला, ताईला. बहुतेक मांजरालाही.

"रोज?" मी विचारलं.

"रोज."

"चुण्यासुद्धा?"

"चुण्या काढताना फार वाईट वाटायचं," ती म्हणाली.

"पण का?"

ती वरच्या पानाची सुरकुती बोटाने सपाट करत राहिली. "जागा गेली असती तुमची. मग इथे शेजारी कोण येऊन बसलं असतं, कुणास ठाऊक."

मी टेप गळ्यातून काढली आणि परत घातली. मग तिने थप्पी वाटायला घेतली, बोटांनी चाळवली, आणि तलम पानं माझ्याकडे सरकवली. मी ती उचलून तिच्याकडे ठेवली आणि तिची फाटकी माझ्याकडे घेतली. तिने त्यातलंच पहिलं पान उचललं.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा मीही निघालो. त्या कोटात तिला सरळ चालता येत नाही, पिळामुळे सारखी डावीकडे ओढली जाते. म्हणून मी तिच्या डाव्या बाजूने चाललो, अगदी तिच्या दारापर्यंत.